रानाची दुरुस्ती

वाचकाने लेखकाला सूचना करावी, ही गोष्ट जवळजवळ कादंबरीइतकीच जुनी आहे. सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' 1747 आणि 1748 या वर्षांत खंडशः बाहेर पडत होती, तेव्हा लेडी ब्रॅडशे या वाचक बाईंनी टोपणनावाने पत्रे लिहून नायिकेला वाचवण्याची गळ लेखकाला घातली होती. रिचर्डसनने ती मानली नाही, क्लॅरिसा मेली. याउलट 1861 मध्ये चार्ल्स डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट, तो वाचकांपर्यंत पोहोचण्याआधीच, बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून बदलला. तो बदल योग्य की अयोग्य यावर इंग्रजीचे प्राध्यापक अजून भांडतात. दोन्ही सूचना एकाच दिशेच्या होत्या, हे ध्यानात घ्यावे. दुःख थोडे कमी करा, एवढेच दोघांचे मागणे.

आम्हांला येथे ज्या प्रकाराबद्दल लिहायचे आहे त्यात वाचक लेखकाकडे कधी दुःख कमी करण्याची, तर कधी वाढवण्याचीही मागणी करतो. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही मागतो. हा प्रकार म्हणजे रानात तगून राहण्याचे व्हिडिओ गेम. साहित्याच्या वर्गात या खेळांचे नाव काढले की विद्यार्थी सावरून बसतात आणि शिक्षक घड्याळाकडे पाहतात, हे आम्ही जाणतो. तरीही कृती संपली केव्हा, तिच्यावर हक्क कोणाचा, आणि वाचक तिच्यात नेमके काय करतो, हे आपले जुने प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत या खेळांच्या इतिहासात जितके उघडपणे चर्चिले गेले, तितके छापील पुस्तकाच्या बाबतीत क्वचितच गेले असतील.

आरंभ एका शाळेत होतो. 1971 च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच नावाचा प्रशिक्षणार्थी शिक्षक आठवीच्या मुलांना इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिझुरी नदीकाठाहून ऑरेगनकडे बैलगाड्यांतून गेलेल्या स्थलांतरितांचा धडा होता. बिल हायनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन मित्रांनी, तेही गणिताचे होतकरू शिक्षकच, त्या प्रवासाचा एक खेळ संगणकासाठी लिहून दिला. पडदा नव्हता, दूरच्या संगणकाला तारेने जोडलेले एक टंकयंत्र कागदावर ओळी छापत जाई. शिकार करायची म्हणजे बंदुकीच्या बाराचा शब्द शक्य तितक्या वेगाने टंकायचा. सत्र संपले तेव्हा रॉविचने कार्यक्रमाची प्रत कागदावर छापून घेतली आणि यंत्रातून तो पुसला.

1974 मध्ये तो राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेत नोकरीला लागला. तेथे त्याने ती छापील प्रत पुन्हा यंत्रात भरली. पण जशीच्या तशी ठेवली नाही. प्रत्यक्ष प्रवास केलेल्या लोकांच्या रोजनिशा तो वाचत बसला आणि त्यांत आजारपण, गाडी मोडणे, हवामान बिघडणे यांचे उल्लेख किती वारंवार येतात याचा अंदाज घेऊन त्याने खेळातील आपत्तींच्या शक्यता ठरवल्या. मूळ रहिवाशांनी प्रवाशांना अन्न शोधायला मदत केल्याच्या नोंदी त्याला रोजनिशांत सापडल्या. खेळात त्याही आल्या. याचा अर्थ असा की, या खेळप्रकाराला सुधारणा सुचवणारे पहिले लोक खेळणारे नव्हतेच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खरोखरच ती वाट तुडवून मेलेली माणसे होती ती. आपला अनुभव कधीकाळी संभाव्यतेच्या गणितात बसवला जाईल याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. रोजनिशी या वाङ्मयप्रकाराचा इतका विलक्षण उपयोग आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

'द ऑरेगन ट्रेल'ची 1985 ची, फिलिप बुशार्ड यांच्या नेतृत्वाखाली झालेली आवृत्ती अमेरिकेतील एका अख्ख्या पिढीने शाळेत खेळली. तिच्यातील दोन गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. शिकारीत कितीही जनावरे मारली तरी गाडीपर्यंत शंभर पौंडच मांस नेता येई. उरलेले रानात कुजे. हाव धरणाऱ्या मुलाला खेळाने दिलेले ते उत्तर होते. दुसरी गोष्ट म्हणजे, वाटेत मेलेल्या खेळाडूला आपल्या थडग्यावर मजकूर लिहिता येई, आणि त्याच चकतीवर पुढे खेळणाऱ्याला ते थडगे वाटेत भेटे. मुलांनी तेथे काय काय अचकट-विचकट लिहून ठेवले असेल ते सांगायला नको. तरी कृतीच्या आत वाचकासाठी कायदेशीरपणे राखून ठेवलेली ती जागा, आणि ती मृताला मिळाली होती.

या परंपरेत एक आंधळा कोपरा राहिला तो असा. सूचना करणारा हा नेहमी बैलगाडीत बसलेला असतो. ज्या प्रदेशाला खेळ रान म्हणत होता ते कोणाचे तरी घर होते, आणि त्या घरातल्यांना सूचना करण्यासाठी कोणी विचारले नव्हते. 2021 मध्ये गेमलॉफ्ट कंपनीने नवी आवृत्ती काढली तेव्हा विल्यम बाऊर, मार्गारेट हटल आणि कॅटरिना फिलिप्स या मूळनिवासी समाजांतील इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला आणि त्या समाजांतील पात्रे खेळाडूला स्वतः वठवता येऊ लागली. टंकयंत्रावरच्या त्या पहिल्या खेळापासून मोजले तर हे घडायला पन्नास वर्षे लागली. मराठीत 'रान' आणि 'वन' हे शब्द आपण सहज अदलून-बदलून वापरतो, पण 'रानात जातो' म्हणणारा शेतकरी बहुधा आपल्या वावरातच जात असतो. 'निर्मनुष्य अरण्य' ही कल्पना बाहेरून येणाऱ्याची आहे, हे आपल्या भाषेला अभ्यासकांच्या आधीपासून ठाऊक असावे.

मधल्या काळावर फार रेंगाळत नाही. फिनलंडमध्ये सामी मारानेन याने 1992 मध्ये सुरू केलेला 'अनरिअल वर्ल्ड' हा त्या देशाच्या लोहयुगातील जगण्याचा खेळ तीस वर्षांहून अधिक काळ वाढतो आहे, एवढा उल्लेख पुरे. खरा बदल झाला तो विक्रीच्या पद्धतीत. 2013 च्या मार्चमध्ये स्टीम या संगणकीय दुकानाने अपुरे खेळ उघडपणे 'अपुरे' म्हणूनच विकण्याची सोय काढली. गिऱ्हाईक पैसे मोजून अर्धवट कृती घेणार आणि ती पुरी होत असताना आपले म्हणणे मांडत राहणार. हस्तलिखित वाचून मत देणारा एखाददुसरा मित्र पूर्वीही असे. आता असे मित्र हजारोंनी झाले, आणि प्रत्येकाने आगाऊ पैसे दिलेले. सूचनेला तेव्हापासून हक्काचा वास येऊ लागला.

कॅनडातील हिंटरलँड या छोट्या संस्थेचा 'द लाँग डार्क' हा खेळ या व्यवस्थेचे ठळक अपत्य. 2013 मध्ये लोकवर्गणी, 2014 च्या सप्टेंबरात अपुऱ्या रूपात विक्री, 1 ऑगस्ट 2017 रोजी रीतसर प्रकाशन. ग्रेट बेअर नावाचे कल्पित बेट. भूचुंबकीय उत्पातामुळे जगातली वीज गेलेली. आणि बर्फात तुम्ही एकटे. थंडी, थकवा, तहान, भूक ही चार मापे सतत खाली सरकत असतात. कथेचा स्वतंत्र विभाग 2017 मध्ये आला, पण मूळ आणि आमच्या मते श्रेष्ठ विभाग कथेविनाच आहे. त्यात जिंकणे नाही. किती दिवस जगलात एवढेच मोजायचे, आणि आरंभी तर मेलात की तो डाव कायमचा पुसला जाई.

अशा कृतीला सुधारणा सुचवायची म्हणजे काय करायचे? एक बरोबर चालणारा कुत्रा असता, बर्फावरून घसरत जायला पट्ट्या असत्या, स्वतःची झोपडी बांधता आली असती: या मागण्या वर्षानुवर्षे होत आल्या. त्यांचे व्याकरण पाहावे. सगळ्या संकेतार्थात आहेत, आणि सगळ्यांत रान थोडेसे घर व्हावे अशी इच्छा आहे. रॉबिन्सन क्रूसो बेटावर जे जे करतो तेच ते. या इच्छेला हसण्याचे कारण नाही. माणसाने रानाशी आजवर हेच केले आहे. मात्र प्रत्येक मागणी पुरवली तर शेवटी ज्यासाठी खेळाडू आला ते रानच उरणार नाही, ही अडचण निर्मात्यापुढे रोजची होती. काही मागण्या पुरवल्या गेल्या. नकाशा नसलेल्या या खेळात कोळशाने नकाशा काढण्याची सोय आली, पण तो कोळसा विझलेल्या शेकोटीतून उचलायचा आणि जेवढे डोळ्यांनी दिसते तेवढेच कागदावर उतरायचे. 2022 च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने आलेल्या भरीच्या काळात ओझे ओढायची चाकांविना दोन दांड्यांची गाडी आली, आसऱ्याचे घर आपल्या मनाप्रमाणे मांडण्याची मुभाही आली. कुत्रा आला नाही. आमच्या मते तो न आणण्यात शहाणपण होते. या खेळातली शांतता कुत्र्याच्या पहिल्या भुंकण्यानेच संपली असती.

सूचना केवळ शब्दांतून होतात असेही नाही. खेळण्याची रीत हीच एक सूचना असते, आणि तिला मिळालेली उत्तरे आम्हांला अधिक उद्बोधक वाटतात. खेळाडूंच्या लक्षात आले की, जास्त दिवस जगायचे तर बाहेर पडूच नये. छपराखाली झोपून दिवस काढावेत. त्याहून चाणाक्षांनी शोधले की उपासमारीने होणारी हानी ताशी इतकी थोडी आहे की दिवसभर उपाशी राहून झोपण्यापूर्वी तेवढे खावे. झोपेत हानी भरून निघते आणि अन्न निम्म्याने पुरते. हिशेब चोख, पण हे जगणे कसले? हिंटरलँडने पहिल्या युक्तीला उत्तर म्हणून कोंडल्याचा आजार आणला: फार काळ आत राहिलात तर आत झोपच लागणार नाही, बाहेर जावे लागेल. दुसऱ्या युक्तीला बंदी केली नाही. सलग तीन दिवस पोट रिकामे होऊ दिले नाही तर अंगात थोडे अधिक बळ येईल आणि पाच किलो जास्त ओझे पेलेल, असे बक्षीस ठेवले. एक उत्तर शिक्षेचे, एक आमिषाचे. दुसरे आम्हांला जास्त सभ्य वाटते. चुकीचे वाचन करणाऱ्या वाचकाला दटावण्यापेक्षा बऱ्या वाचनाची गोडी लावणे हे शिक्षकांनाही पटावे.

लांडग्यांचा वाद याहून जुना. खरा लांडगा माणसाला टाळतो, मग येथला का धावून येतो, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. संहितेच्या आतले उत्तर तयार होते: ज्या उत्पाताने वीज घालवली त्यानेच जनावरांचा स्वभाव बिघडवला. संहितेबाहेरचे उत्तर म्हणजे काठिण्याच्या पायऱ्या. सर्वांत सौम्य पायरीला 'यात्रेकरू' असे नाव आहे आणि तिच्यात लांडगा तुम्हांला पाहून पळतो. ज्यांना ही करुणा नको होती, त्यांच्यासाठी पुढे 'आगंतुक' या अर्थाच्या नावाची, त्या वेळची सर्वांत कडक पायरी आली. तीत बंदूक नाही, चाकूसुद्धा भट्टीवर स्वतः घडवावा लागतो. नंतर तर प्रत्येक माप हवे तसे बसवून आपले रान आपणच रचण्याची सोय झाली, आणि त्या रचनेचा सांकेतिक क्रमांक दुसऱ्याला देता येऊ लागला. वाचकपरत्वे आवृत्ती ही कल्पना आपण सिद्धान्ताच्या पुस्तकांत वाचतो. येथे ती यादीतला एक पर्याय झाली. त्यात काही हरवलेही. दोघांनी आपापली रात्र कशी काढली हे एकमेकांना सांगताना पूर्वी रात्र तरी एक असे.

पण ज्या प्रकरणासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला ते डोंगरी सिंहाचे आहे, म्हणजे उत्तर अमेरिकेतला तो मोठा, एकटा फिरणारा मार्जारवंशी पशू, कूगर. 2023 च्या अखेरीस तो या खेळात आला. एका प्रदेशात फार काळ राहिलात तर त्याचा धोका वाढत जाई, तशा खुणा आणि इशारे मिळत, आणि अखेर हल्ला होई. गंमत अशी की तो प्राणी रानात कोठे हिंडताना दिसतच नसे. त्याला वाट नव्हती, सावली नव्हती. हल्ल्याच्या क्षणी तो एकाएकी अंगावर असे, आणि क्षण सरला की नाहीसा. लांडगा दुरून दिसतो, अस्वलाचा आवाज येतो, त्यांच्यापासून पळता येते, आग पेटवून त्यांना थोपवता येते. याच्याशी काहीच करता येत नसे.

खेळाडू चिडले, आणि त्यांचे चिडणे आम्हांला समीक्षेचा उत्तम नमुना वाटते. हा प्राणी काढून टाका असे म्हणणारे त्यांत होतेच. पण मुख्य तक्रार मृत्यूबद्दल नव्हती. या खेळात मरण तर सर्वांनीच अनेकदा पत्करले होते. तक्रार अशी होती की, हे मरण रानात घडत नाही, ते वरून सांगितले जाते. आपण विद्यार्थ्यांना दाखवणे आणि सांगणे यांतला भेद उदाहरणे शोधशोधून समजावतो. येथे हजारो माणसांनी तो कोणत्याही परिभाषेविना, केवळ अंगावर आलेल्या अनुभवातून ओळखला होता. मारा, पण दिसून मारा; आम्हांला चूक करायची संधी द्या आणि मग त्या चुकीसाठी मारा. शोकान्तिकेतील नायकाच्या चुकीविषयी ॲरिस्टॉटलने जे म्हटले त्याचे हे फार जवळचे नातलग आहे. अकारण आघात भय निर्माण करू शकतो. पण त्याने करुणा उपजत नाही.

हिंटरलँडने तो पशू मागे घेतला. रिचर्डसनच्या आणि डिकन्सच्या वाटांहून ही तिसरी वाट: आधी प्रसिद्ध करायचे, मग परत घ्यायचे, मग नव्याने लिहायचे. या संस्थेला तिची सवय होती. 2017 मध्ये आलेल्या कथाविभागाचे पहिले दोन भाग तिने 2018 च्या डिसेंबरात संवादांसह नव्याने रचून पुन्हा प्रसिद्ध केले होते, कारण 'हे आण, ते पोचव' अशा हमालीच्या कामांनी ते भरले आहेत ही टीका तिला पटली होती. डोंगरी सिंहही काही काळाने परतला, पण आता त्याला शरीर होते. तो खरोखर त्या प्रदेशात हिंडू लागला, माग काढू लागला, दिसू लागला. मारण्याची त्याची शक्ती उणी झाली म्हणून नव्हे, तर तो रानाचा भाग झाला म्हणून खेळाडूंचे बरेचसे समाधान झाले.

प्रत्येक सूचनेला इतके मोल असते असे मात्र नाही. कॅनडाच्याच क्ले या संस्थेचा 'डोन्ट स्टार्व्ह' 2013 च्या एप्रिलमध्ये प्रकाशित झाला. त्याच्या चाचणीत आलेले लोक गोंधळत. काय करायचे तेच कळत नाही, अशी त्यांची स्थिती. म्हणून निर्मात्यांनी लहान-लहान कामे नेमून दिली: इतक्या फांद्या गोळा करा, इतके दिवस काढा. गोंधळ थांबला आणि त्याबरोबर गंमतही. खेळाडू नेमलेल्या कामापलीकडे पाहीनासे झाले, आणि कामे संपली की खेळ सोडू लागले. निर्मात्यांनी ती काढून टाकली. अडचण खरी होती. उपाय मात्र तिच्यावर वरवर शोभणाराच निघाला. परीक्षेच्या प्रश्नांवरून कविता शिकवणाऱ्यांना हे नवीन नसावे.

याच खेळाबद्दलची सर्वांत मोठी मागणी मित्रांसह खेळता यावे ही होती. क्लेने आरंभी तिला नकार दिला होता. 2014 मध्ये मत बदलले आणि 'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर' हा वेगळा खेळ जाहीर झाला. त्याचे पूर्ण प्रकाशन 2016 च्या एप्रिलमध्ये झाले. एकाकीपणावर बेतलेल्या कृतीत सोबत शिरवायची तर मरणाचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी फार सुंदर सोडवला आहे. मेलेला खेळाडू भूत होऊन तेथेच राहतो, आणि त्याच्या असण्याने जिवंतांचे मनःस्वास्थ्य ढळू लागते. त्याला परत आणायचे तर एक हृदय तयार करावे लागते. त्यासाठी थोडे गवत आणि कोळ्याची एक ग्रंथी पुरते, पण वर आपल्या आयुर्मानातले 40 अंक कापून द्यावे लागतात. बहुतेक पात्रांचे एकूण आयुर्मान 150 असते. रानात मित्र हवा म्हणणाऱ्यांना त्याची किंमत इतक्या नेमक्या आकड्यात क्वचितच कोणी सांगितली असेल.

हिंटरलँड याबाबतीत अधिक हट्टी ठरली. जोडीने खेळू द्या ही मागणी 2014 पासून तिच्याकडे होत होती, आणि एकटेपण हाच आमचा विषय आहे हे उत्तरही तितकेच जुने. 2024 च्या डिसेंबरात 'ब्लॅकफ्रॉस्ट' या नावाने दुसरा खेळ जाहीर झाला, आणि त्यात एकट्याने किंवा इतरांसह तगून राहता येईल असे सांगण्यात आले. दहा वर्षांची सूचना अखेर मान्य झाली; पण नव्या पुस्तकात. 'द लाँग डार्क'च्या बेटावर अजूनही दुसऱ्या खेळाडूला येता येत नाही. तेथे शेकोटीपाशी जागा नेहमी एकाचीच असते.